म्हाताऱ्याचं लिव्हर घ्यावं का?

(मंडळाच्या आरोग्य दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. शेवटची प्रश्नोत्तरं थोडक्यात दिली आहेत.)



कार्यकारिणीने मला पंचवीस मिनिटं दिली आहेत आणि त्यानंतर बटाटेवडे आहेत, तेव्हा फार लांबण लावत नाही. तुमच्यातले बरेच जण मला 'ती नर्स' म्हणून ओळखतात. माझं काम ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरचं. यकृत बदलायचं म्हणून जे पेशंट यादीत आहेत त्यांच्या तपासण्या, कागदपत्रं, औषधं यांच्यावर लक्ष ठेवायचं, आणि डोनरचं यकृत उपलब्ध झालं की सर्जनच्या सांगण्यावरून पेशंटला फोन करायचा. हा फोन बहुधा रात्री दोन-तीनलाच जातो. का, ते देव जाणे. भाषणात 'यकृत' म्हणायचं ठरवून आले आहे, पण मधूनमधून 'लिव्हर' निसटेल. सांभाळून घ्या.

फोनवर "तुमच्यासाठी यकृत आलंय" म्हटलं की पलीकडे आधी रडू, मग देवाचं नाव, आणि मग हमखास एक प्रश्न येतो. "डोनर किती वर्षांचा होता?" मी "चौऱ्याहत्तर" म्हटलं की फोन एकदम गप्प होतो. त्या गप्प होण्याबद्दल आज बोलायचं आहे, कारण त्या दोन-चार मिनिटांत जो निर्णय होतो त्यावर माणसाचं आयुष्य अवलंबून असतं, आणि बहुतेक घरांत त्याचा विचार आधी कोणी केलेलाच नसतो.

आधी यकृताची बाजू ऐकून घेऊ. शरीरातले सगळे अवयव एकाच चालीने म्हातारे होत नाहीत. डोळ्यांना चाळिशी लागते, गुडघे साठीत बोलायला लागतात, यकृत मात्र स्वतःची डागडुजी करत राहतं. २०२२ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या शास्त्रज्ञांनी एक गमतीदार मोजमाप प्रसिद्ध केलं. १९५० आणि ६० च्या दशकांत उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला होता आणि नंतर तो हळूहळू कमी होत गेला. तो आपल्या पेशींच्या डीएनएमध्ये उतरतो, म्हणून एखादी पेशी साधारण केव्हा जन्मली हे काढता येतं. त्यांना असं दिसलं की माणूस विशीतला असो की ऐंशीतला, त्याच्या यकृताच्या पेशींचं सरासरी वय तीन वर्षांच्या आतच असतं. काही थोड्या पेशी दहा वर्षांपर्यंत टिकतात, पण बाकीचा संसार सतत नवा होत असतो.

दुसरी गोष्ट रक्तपुरवठ्याची. यकृताला दोन नळांनी पाणी येतं. एक पोर्टल व्हेन, म्हणजे आतड्यांकडून येणारी मोठी शीर; जवळजवळ तीन चतुर्थांश रक्त तिच्यातून येतं. दुसरी हिपॅटिक आर्टरी, म्हणजे यकृताची रोहिणी. वयाबरोबर रोहिण्या कडक होतात, त्यांत कॅल्शियम साठतं. पोर्टल व्हेनला ते दुखणं नाही. त्यामुळे हृदय किंवा किडनी जेवढी झिजते तेवढं यकृत झिजत नाही.

म्हणूनच स्पेनसारख्या देशात अवयवदात्यांपैकी निम्म्याहून अधिक जण साठीच्या पुढचे असतात. इटलीत २०२२ साली शंभरी ओलांडलेल्या एका बाईंचं यकृत वापरलं गेलं. इथे अमेरिकेत, मिसुरी राज्यात, २०२४ साली ९८ वर्षांच्या एका माजी सैनिकाचं यकृत दुसऱ्या माणसाला बसवलं. ही बातमी तुमच्यापैकी अनेकांनी एकमेकांना पाठवली होती, मलाही सहा जणांकडून आली!

पण मंडळी, टाळ्या जरा थांबवा. याच विषयावर टेक्सासच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये एक अभ्यास मांडला होता. डोनरच्या शरीरातली वर्षं आणि नंतर पेशंटच्या शरीरातली वर्षं मिळून ज्यांनी शंभरी गाठली अशी यकृतं त्यांनी शोधली. १९९० ते २०२२ या काळात अमेरिकेत अडीच लाखांहून अधिक यकृतं बसवली गेली, आणि त्यांत अशी सापडली २५. त्यांच्या डोनरांचं सरासरी वय ८४ च्या पुढे होतं. आता ऐंशी-पंच्याऐंशीच्या माणसाचं यकृत सर्जन केव्हा घेतात? सगळं उत्तम दिसलं तरच. साखर ठीक, चरबी नाही, रक्ताच्या तपासण्या स्वच्छ, अंतर कमी. म्हणजे ही शंभर नंबरी, पारखून घेतलेली यकृतं. त्यांच्यावरून "वयाने काही फरक पडत नाही" असं कोणी म्हणालं तर ते खरं नाही.

फरक पडतो. २००६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. सँडी फेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'डोनर रिस्क इंडेक्स' नावाचा हिशोब मांडला. डोनरच्या कोणत्या गोष्टींमुळे बसवलेलं यकृत निकामी होण्याचा धोका वाढतो, ते त्यात पाहिलं होतं. वय त्यातलं एक मोठं कारण निघालं. चाळिशीनंतर धोका चढायला लागतो, आणि साठीपुढचं यकृत चाळिशीच्या आतल्या यकृताच्या तुलनेत साधारण दीडपट धोक्याचं ठरलं. दीडपट म्हणजे काय? समजा, उदाहरणापुरतं, शंभरातली दहा यकृतं निकामी होत असतील तर तिथे पंधरा होतील. म्हणजे पंच्याऐंशी चालतील. हे आकडे जुन्या काळातल्या शस्त्रक्रियांचे आहेत आणि आज एकूणच परिणाम सुधारले आहेत, पण चढाची दिशा तीच आहे.

हा धोका नेमका येतो कुठून ते समजून घेतलं की भीती जरा आवाक्यात येते.

काढलेलं यकृत बर्फात ठेवतात. त्या थंड वेळेत पेशींना मार बसतो आणि रक्त पुन्हा सुरू झालं की आणखी बसतो. तरुण यकृत त्यातून झटकन उठतं. म्हातारं यकृत उठायला वेळ घेतं, आणि क्वचित उठतच नाही. तसं झालं तर काही दिवसांत दुसरं यकृत शोधावं लागतं. असा पेशंट देशाच्या यादीत सगळ्यात वर जातो, तरीही ते दिवस फार वाईट असतात. मी ते पाहिले आहेत. म्हणून वयस्कर यकृतासाठी बरेच सर्जन थंड वेळ आठ तासांच्या आत ठेवायला बघतात. अमेरिकेच्या वाटपाच्या नियमांतही हे धरलेलं आहे. २०२० पासून लागू झालेल्या पद्धतीत सत्तर किंवा त्यापुढच्या डोनरचं यकृत आधी १५० सागरी मैलांच्या वर्तुळातल्या पेशंटना देऊ करतात. तरुण डोनरचं जास्त लांब जाऊ शकतं.

मग पित्तनलिका. मघाशी दोन नळ सांगितले ना? पित्तनलिकांचा भरवसा मुख्यतः दुसऱ्या नळावर, रोहिणीवर असतो. ती कडक झालेली असेल, जोडताना त्रास झाला किंवा नंतर तिच्यात गुठळी झाली, तर पित्तनलिका आकसतात. मग कावीळ, ताप, एंडोस्कोपीने नळी घालणं, ती बदलणं. माणूस जगतो पण वर्षभर हॉस्पिटलच्या खेपा घालतो. डोनरचं हृदय थांबल्यावर काढलेलं यकृत असेल आणि वरून वयही जास्त असेल, तर हा धोका आणखी वाढतो.

वयाबरोबर लपलेला कॅन्सर असण्याची शक्यताही वाढते. डोनरची कसून तपासणी होते आणि असं संक्रमण दुर्मीळ आहे, पण शून्य नाही. तुमच्या डॉक्टरने "शून्य" म्हटलं तर पुन्हा विचारा.

एक धोका मात्र आता बराचसा इतिहासजमा झाला आहे. हिपॅटायटिस सी असलेल्या पेशंटला नवीन यकृत बसवलं की रक्तातला व्हायरस त्या यकृतालाही धरायचा, आणि यकृत म्हाताऱ्या डोनरचं असेल तर ते फार लवकर खराब व्हायचं. मी या कामात आले तेव्हा अशा पेशंटला वयस्कर यकृत द्यायला सर्जन नाखूष असत. २०१३ च्या शेवटी गोळ्यांचं नवं औषध आलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत चित्र पालटलं. आता हिपॅटायटिस सी बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. एखाद्या नातेवाइकाने दहा-पंधरा वर्षांपूर्वी ऐकलेला सल्ला तुम्हाला दिला, तर तो कधीचा आहे ते विचारून घ्या.

आणि वय म्हणजे सगळं नव्हे, हेही आपल्या लोकांना सांगायला हवं. पंचेचाळिशीचं पण चरबीने भरलेलं यकृत पंचाहत्तरीच्या स्वच्छ यकृतापेक्षा धोक्याचं असू शकतं. फॅटी लिव्हर आपल्या समाजात किती आहे ते इथल्या फॅमिली डॉक्टरांना विचारा. शाकाहारी, सडपातळ, पोट तेवढं पुढे, साखर वाढलेली. आपल्यातले निम्मे असे दिसतात. (हसू नका, पहिल्या रांगेत बसलेल्यांबद्दल मी काही म्हटलेलं नाही.)

आता तराजूचं दुसरं पारडं. पेशंट यादीत कुठे आहे ते मेल्ड स्कोअरवर ठरतं. २००२ पासून ही पद्धत आहे, २०२३ मध्ये ती पुन्हा सुधारली. रक्ताच्या तपासण्यांवरून ६ ते ४० असा आकडा निघतो. आकडा जितका मोठा तितका पेशंट जास्त आजारी. दहा-बारा असेल तर पुढचे तीन महिने धकण्याची शक्यता चांगली असते. तिशीच्या पुढे गेला की ती निम्म्यावर येऊ शकते. म्हणजे "म्हातारं यकृत नको, थांबतो" या वाक्याची किंमत दोन पेशंटना सारखी नाही. २००८ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात हेच दिसलं. फार आजारी पेशंटना जास्त धोक्याचं यकृत घेऊनही फायदा झाला, आणि कमी स्कोअरच्या पेशंटना त्याच यकृताने नुकसान झालं.

यात एक उलटी गंमत आहे. गंमत कसली, दुर्दैव. यकृत आधी यादीतल्या सगळ्यात आजारी माणसाला देऊ करतात. म्हाताऱ्या डोनरचं असलं की वरचे एकेक जण, म्हणजे त्यांचे सर्जन, नको म्हणत जातात आणि ते यकृत घसरत घसरत खाली कमी स्कोअरच्या पेशंटपर्यंत येतं. ज्याला त्याची गरज होती त्याने सोडलं, आणि ज्याला थांबता आलं असतं त्याच्या दारात ते उभं! २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्याच डॉक्टरांनी दाखवलं की यादीत असताना जे पेशंट दगावले त्यांतल्या बहुसंख्यांना आधी निदान एकदा तरी यकृत देऊ केलं गेलं होतं. बऱ्याच वेळा नकार सर्जन पेशंटच्या वतीने देतो आणि घरच्यांना पत्ताही नसतो.

दोन-तीन माणसं सांगते. ओळख पटू नये म्हणून वयं, नाती बदलली आहेत.

एक गृहस्थ, साठीच्या आसपासचे, स्कोअर ३१. त्यांच्यासाठी ७६ वर्षांच्या बाईंचं यकृत आलं. मेंदूत रक्तस्राव होऊन गेलेल्या, बायॉप्सीत चरबी नाही, हॉस्पिटल गाडीने चाळीस मिनिटांवर. आमचे सर्जन घ्यायला तयार होते. मुलगा फोनवर म्हणाला, "आमच्या बाबांना म्हातारीचं लिव्हर नको. इतके दिवस थांबलो, अजून थोडं थांबू." सर्जन स्वतः त्याच्याशी बोलले, तरी नाही. तीन आठवड्यांनी त्यांच्या पोटातल्या पाण्यात इन्फेक्शन झालं, मग किडन्या गेल्या, मग व्हेंटिलेटर. शेवटी नाव यादीतून काढावं लागलं. मुलाने मला विचारलं, "ताई, ते लिव्हर मग कोणाला लागलं?" नियमाप्रमाणे मला सांगता येत नाही.

दुसरे एक काका, स्कोअर १३. कारण दारू. आपल्याकडे हे कोणी मोठ्याने म्हणत नाही, म्हणून मी म्हणते. त्यांना ७२ वर्षांचं यकृत चालून आलं होतं, घसरत आलेलं. काकू म्हणाल्या, "हे सात महिने प्यायले नाहीत, थोडं बघू या." आमच्या डॉक्टरांनाही ते पटलं. वर्षभरात स्कोअर ९ वर आला आणि नाव यादीतून काढलं, या वेळी बरे झाले म्हणून. त्यांचा नकार बरोबर होता.

आणि एक बाई, उंचीने आपल्यातल्या कितीतरी बायकांसारखी, पाच फुटांच्या आतली. अशा बायकांचा एक वेगळाच घोळ असतो. तरुण, धिप्पाड पुरुषाचं यकृत पोटात मावतच नाही. मेल्डच्या जुन्या पद्धतीत बायकांचा आजारही कमी मोजला जायचा. २०२३ च्या सुधारणेत त्यासाठी बायकांना थोडे जादा गुण दिले. वयाबरोबर यकृत आकाराने लहान होतं, म्हणून हिला ७८ वर्षांच्या बाईंचं यकृत बरोबर बसलं. पहिल्या वर्षी पित्तनलिकेसाठी चार वेळा एंडोस्कोपी झाली. ती वैतागली, रडली, एकदा माझ्यावर ओरडलीसुद्धा. आता भाच्याच्या मुंजीला पुण्याला जाऊन आली.

गेल्या काही वर्षांत एक चांगला बदल झाला आहे, तो म्हणजे यंत्र. यकृत बर्फात ठेवण्याऐवजी शरीराच्या उष्णतेवर, रक्त खेळवत ठेवता येतं. अमेरिकेत अशा दोन यंत्रांना २०२१ मध्ये मान्यता मिळाली. यंत्रावर यकृत पित्त तयार करतंय का, लॅक्टेट साफ करतंय का, हे बसवण्याआधीच पाहता येतं. जुनी गाडी घेण्याआधी चालवून बघतो तसं. युरोपात थंड ऑक्सिजन खेळवण्याची दुसरी पद्धत आहे. हृदय थांबलेल्या डोनरांच्या यकृतांवर नेदरलँड्सच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत, २०२१ मध्ये, पित्तनलिका आकसण्याचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलेलं दिसलं. २०२३ साली अमेरिकेत पहिल्यांदाच एका वर्षात दहा हजारांवर यकृतं बसवली गेली, त्यात या यंत्रांचा वाटा आहे. यंत्राने ७५ चं यकृत ३० चं होत नाही. पण वाईट निघणारं यकृत आधीच ओळखता येतं, हे फार मोठं आहे.

भारतातून फोन येतात ते वेगळे. तिकडे बहुतेक प्रत्यारोपणं जिवंत नातेवाइकाने यकृताचा तुकडा देऊन होतात. "आई म्हणते माझं घ्या, ती ६३ ची आहे, चालेल ना?" असं विचारतात. इथे मी वर सांगितलेलं गणित लावू नका. मृत डोनरचं पूर्ण यकृत मिळतं. जिवंत डोनरच्या बाबतीत अर्धंमुर्धं यकृत पेशंटमध्ये वाढावं लागतं आणि उरलेलं आईच्या पोटातही वाढावं लागतं, आणि ही वाढ वयाबरोबर मंदावते. धोक्यात दोन माणसं येतात, त्यातलं एक पूर्ण निरोगी. बहुतेक केंद्रं पन्नास-पंचावन्नच्या पुढे कचरतात, आणि मला ते बरोबर वाटतं. आईची माया समजते, पण तिला 'नको' म्हणायला डॉक्टरची मदत घ्या.

तर ज्यांच्या घरात पेशंट आहे त्यांनी काय करावं? फोन येण्याआधी, दिवसाउजेडी, डॉक्टरांसमोर बसा. माझा स्कोअर किती, तो चढतोय का, माझ्यासाठी किती वयापर्यंतचं यकृत तुम्ही घ्याल, चरबी किती चालेल, तुमच्याकडे यंत्र आहे का, माझ्या वतीने नाही म्हटलंत तर मला कळवाल का, हे सगळं विचारा. एसआरटीआरच्या वेबसाइटवर प्रत्येक केंद्र आलेली यकृतं किती स्वीकारतं आणि पेशंट किती जगतात ते सगळ्यांना पाहता येतं. घर घेताना शाळांचे आकडे आपण तोंडपाठ करतो, हेही बघा. आणि घरात एकच माणूस ठरवा, जो रात्री दोनला फोन उचलेल आणि ज्याला पेशंटचं मन ठाऊक असेल. चार भावंडं चार टाइम झोनमध्ये कॉन्फरन्स कॉलवर, आणि इथे यकृत बर्फात. असं नको.

(यानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले.)

सत्तरीचं यकृत चाळिशीच्या माणसात किती टिकेल?
वर्षं सांगता येत नाहीत. पण चाळिशीच्या माणसाला ते अनेक दशकं लागणार, आणि दुसऱ्यांदा बदलणं पहिल्यापेक्षा अवघड असतं. म्हणून त्याचा स्कोअर परवानगी देत असेल तर बरेच सर्जन त्याच्यासाठी तरुण यकृत शोधतात. स्कोअर ३५ असेल तर हा प्रश्न बाजूला ठेवावा लागतो.

डोनरचं वय पेशंटला सांगतात का?
आम्ही विचारलं की सांगतो. नाव, गाव सांगत नाही.

माझं वय ८१, वीस वर्षं मधुमेह आहे. आमचं कोण घेणार? कार्डावर सही करून काय उपयोग?
आजोबा, डोनर म्हणून नाव नोंदवायला इथे वरची वयोमर्यादा नाही. वयाच्या जोडीला मधुमेह असला तर सर्जन जास्त बारकाईने बघतील, कदाचित नकोही म्हणतील. ते त्यांचं काम. तुम्ही सही करा आणि मुलांना सांगून ठेवा. फॉर्म दाराशी टेबलावर ठेवलेत. चष्मा आणला नसेल तर मी भरून देते.